नांगरलेल्या चिखलातली नाणी: धातुशोधक यंत्र शेतात नेमके काय शोधते

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात ट्रेंट नदीच्या काठी टॉर्क्सी नावाचे एक लहान गाव आहे. गावाच्या उत्तरेला नदीलगतची जी शेते आहेत त्यांत पाहण्यासारखे काहीही नाही. पडकी भिंत नाही, पांढरीचे टेकाड नाही, दगडी जोते नाही. हिवाळ्यात तेथे गेले तर नांगरट झालेले ओले रान आणि बुटाला लगडणारा चिखल एवढेच दिसते. तरीही इ.स. ८७२-८७३ चा हिवाळा व्हायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांच्या, मोठ्या फौजेने याच जमिनीवर तळ ठोकून काढला, हे आता खात्रीने सांगता येते. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या इतिवृत्तात फौजेने टॉर्क्सीला हिवाळी मुक्काम केला एवढाच त्रोटक उल्लेख आहे, मात्र गावाच्या कोणत्या अंगाला आणि किती जागेत, याबद्दल ते काही सांगत नाही. ती जागा सापडली ती हातात धातुशोधक यंत्र घेऊन वर्षानुवर्षे त्या शेतांतून फिरणाऱ्या हौशी माणसांमुळे, आणि त्यांनी आपल्या वस्तू केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाकडे नोंदवल्या म्हणून.

त्या वस्तू दिसायला अगदी किरकोळ होत्या. अब्बासी खलिफांच्या राज्यात पाडलेल्या चांदीच्या दिरहम नाण्यांचे तुकडे, वजनाने चांदी देण्याघेण्यासाठी तोडलेल्या कांबी, तराजूची वजने, आणि पटावरच्या खेळातल्या शिशाच्या शेकडो सोंगट्या. एखादी सोंगटी पाहून कोणी इतिहास लिहायला बसणार नाही. पण अशा वस्तूंच्या जागा नकाशावर एकेक करून मांडल्या, तेव्हा सुमारे ५५ हेक्टरांचा, म्हणजे जवळजवळ १३५ एकरांचा तळ उमटला. यॉर्क आणि शेफील्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी पुढे तेथे पद्धतशीर काम केले आणि फौज म्हणजे काही शे लढवय्ये नसून व्यापार, दुरुस्ती, धातुकाम, सूतकताई अशा सर्व उद्योगांसह चालणारे एक फिरते गावच होते, हे त्या मांडणीवरून दाखवून दिले.

धातुशोधनाचा छंद समजून घ्यायचा असेल तर टॉर्क्सीपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते, कारण 'गुप्तधन' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर जो मोहरांचा हंडा उभा राहतो त्याचा येथे काडीमात्र संबंध नाही. तेथे मौल्यवान ठरली ती प्रत्येक वस्तूची जागा.

आता प्रश्न असा येतो की, ज्या शेतात शेकडो वर्षे नांगर फिरला आहे तेथे वस्तूच्या जागेला अर्थ तरी काय उरतो. पुरातत्त्वाचे प्राथमिक तत्त्व असे की, जमिनीत थरावर थर साचतात, खालचा थर जुना आणि वरचा नवा, आणि वस्तू कोणत्या थरात मिळाली यावरून तिचा काळ आणि तिच्या सोबतच्या वस्तू कळतात. नांगराचा फाळ वरची साधारण २० ते ३० सेंटिमीटर माती उलथीपालथी करतो. त्या पट्ट्यातले सगळे थर एकमेकांत मिसळून जातात आणि रोमन नाणे, मध्ययुगीन बक्कल व गेल्या शतकातले ट्रॅक्टरचे नटबोल्ट एकाच ढेकळात नांदू लागतात. उभ्या दिशेचा क्रम त्यामुळे कायमचा मोडतो. आडव्या दिशेचा मात्र बराचसा टिकतो. फाळ वस्तूला पुढे ढकलतो, पुढच्या वर्षी उलट दिशेने आलेला फाळ ती काही अंशी मागे आणतो, आणि एकूण विखुरणे जमिनीच्या उतारावर व मशागतीवर अवलंबून असले तरी एका शेतातला वस्तूंचा पुंजका सहसा त्याच भागात राहतो. म्हणून एक सोंगटी जेथे मिळाली तेथेच ती पडली होती असे म्हणता येत नाही, पण तीनशे सोंगट्या जेथे दाटीने मिळाल्या तेथे माणसे खेळत बसली होती, असे म्हणता येते.

याला एक फसवा अपवाद आहे, आणि तो शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला चटकन कळेल. उकिरड्यातले खत शेतात टाकताना त्यासोबत काय काय जाते ते आपल्याला ठाऊक असते: फुटकी खापरे, बांगडीचे तुकडे, सदऱ्याचे बटण, कधी पोराच्या हातून हरवलेले नाणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही गोठ्यातले आणि घरातले खत असेच गाडीने रानात जात असे. त्यामुळे एखाद्या शेतात दोनचार बटणे आणि काही नाणी विरळपणे पसरलेली मिळाली तर तेथे वस्ती होती असे समजणे चूक ठरते. ती वस्ती दुसरीकडे होती आणि तिचा केवळ केरकचरा येथे आला. दाट पुंजका आणि विरळ शिंपण यांतला हा फरक ओळखायचा तर मिळालेल्या प्रत्येक वस्तूची, अगदी कुचकामी वाटणाऱ्या वस्तूचीही, जागा नोंदवावी लागते. फक्त चांगल्या वस्तू नोंदवल्या तर नकाशाच खोटा बनतो.

यंत्र कसे चालते ते आता पाहू. लांब दांड्याच्या टोकाला जी चपटी गोल थाळी असते तिच्यात तारेची वेटोळी असतात. नेहमीच्या प्रकारच्या यंत्रात एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो, आणि त्यामुळे थाळीखाली सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीतल्या धातूवरून गेले की धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे लहान लहान प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते, ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते आणि कानातल्या हेडफोनमध्ये आवाज उमटतो. थोडक्यात, यंत्र जमिनीला हाक मारते आणि धातू ओ देतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण वापरून पाहिले होते. तो प्रयत्न फसला, आणि गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असे त्याचे एक कारण सांगितले जाते.

धातू ओळखण्याची युक्ती त्या उत्तराला लागणाऱ्या किंचित विलंबात असते. चांदी आणि तांबे विजेचे उत्तम वाहक असल्याने त्यांच्या अंगातले भोवरे रेंगाळतात. कमी वाहक धातूत किंवा पातळ पत्र्यात ते लवकर विरतात, आणि लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्याची तऱ्हा आणखी निराळी असते. यंत्र हा विलंब मोजून त्याला एक अंक देते किंवा वेगळ्या पट्टीतला सूर काढते. परंतु हा अंक धातूचे नाव सांगत नाही. आकार, जाडी, गंज आणि वस्तू जमिनीत कशी कललेली आहे या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो, आणि म्हणून सोन्याची बारीक अंगठी व पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पुष्कळदा एकाच अंकावर बोलतात. कड्या नको म्हणून तो अंक बंद करणारा माणूस अंगठीलाही मुकतो. लोखंडाचेही तसेच आहे. शेतात गंजलेले खिळे इतके असतात की बहुतेक शोधक लोखंडाचा आवाज बंद ठेवतात, आणि त्या सोयीपायी बाणांची लोखंडी टोके, चाकूची पाती, घोड्याचे नाल असा मध्ययुगाचा एक मोठा भाग त्यांच्या कानांना कधी ऐकूच येत नाही. छंदी शोधकांच्या नोंदींवरून एखाद्या जागेचा इतिहास वाचताना ही उणीव लक्षात ठेवावी लागते.

यंत्र फार खोल पाहू शकत नाही, याचे कारण साध्या गणितात आहे. थाळीपासून निघालेले क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि वस्तूचे उत्तर परत येताना पुन्हा तितकेच क्षीण होते, म्हणजे थाळीपासून काहीसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की उत्तर सुमारे ६४ पटींनी कमी ऐकू येते. त्यामुळे एकटे नाणे साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच लागते आणि मोठे भांडे किंवा नाण्यांचा ढीग त्याहून खोलवरचा लागतो. ही मर्यादा एका परीने उपकारकच आहे. यंत्राची पोच आणि नांगराची पोच जवळजवळ सारखी असल्यामुळे नांगरट झालेल्या रानात शोधकाच्या हाती लागणारी बहुतेक वस्तू आधीच मूळ जागेवरून हललेली असते, आणि ती उचलल्याने कोणताही अभंग थर मोडत नाही. कधीच न नांगरलेल्या कुरणात तसे नसते. तेथे चार बोटांवरचे नाणेही आपल्या मूळ थरात असू शकते, म्हणून जाणकार शोधकाला अशा कुरणात खड्डा घेण्याची उतावीळ नसते.

चिखलाचा प्रश्न वेगळाच आहे. पीक उभे असताना शेतात पाय ठेवता येत नाही, त्यामुळे शोधकाला वर्षातले दोनच काळ मिळतात: कापणीनंतर खुंट उभे असताना, आणि नांगरट झाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत. इंग्लंडमध्ये यातला दुसरा काळ पावसाळी शरद ऋतूत येतो. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांच्यामुळे ओली माती स्वतःच थोडीफार वीज वाहून नेते, तिलाही थाळीची हाक ऐकू जाते, आणि यंत्राच्या आवाजात तिची कुजबुज मिसळते. क्षारट समुद्रकिनाऱ्यावर हा त्रास सर्वाधिक होतो. त्यासाठी शोधक आधी धातू नसलेल्या जागी थाळी वरखाली करून, मातीचा आवाज वजा होईल अशा बेताने यंत्र जुळवून घेतात. नुकत्याच नांगरलेल्या रानात ढेकळांमुळे थाळी जमिनीपासून अधांतरी राहते आणि मातीत पोकळ्या असतात, म्हणून खोली आणखी कमी होते. पाऊस पडून ढेकळे बसली, पण पाय रुतत नाहीत, अशी अवस्था सर्वांत चांगली. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तीच ही वेळ, आणि ज्याला वाफसा ओळखता येतो त्याला धातुशोधनाचे अर्धे हवामानशास्त्र आधीच येते, असे म्हणायला हरकत नाही.

जाता जाता आपल्या मातीबद्दल सांगायला हवे. दख्खनची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात लोहाची चुंबकीय खनिजे मुबलक असतात, त्यामुळे तेथे साध्या यंत्राला मातीचाच गोंगाट अधिक ऐकू येतो. शिवाय ही माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांत वरच्या वस्तू खाली जातात, पावसात माती फुगून भेगा मिटतात. म्हणजे नांगर न लावताही ती स्वतःला हळूहळू ढवळत असते. आडव्या जागेचा जो भरवसा इंग्लंडच्या नांगरटीत काही प्रमाणात धरता येतो, तो काळ्या रानात धरताना अधिक जपून राहावे लागेल.

आवाज आला की शोधक थाळी आडवी आणि उभी फिरवून नेमकी जागा ठरवतो आणि फावड्याने मातीचा एक पूर्ण लोंदा उचलतो. चिखलात खरी परीक्षा येथे सुरू होते. मध्ययुगीन इंग्रजी पेनी सुमारे दीड ग्रॅम वजनाची, नखाएवढ्या जाडीचीही नसलेली चांदीची चकती असते. सुट्ट्या पैशांच्या गरजेपोटी तिचे कापून दोन किंवा चार तुकडे करण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. असा चतकोर तुकडा चिकणमातीच्या गोळ्यात अडकला तर डोळ्यांना तो दिसणे अशक्यच. म्हणून हातात धरण्याचे पेन्सिलीएवढे जाड छोटे शोधक यंत्र त्या गोळ्यात खुपसून पाहतात आणि गोळा अर्धा अर्धा करत जातात. वस्तू हाती आली की पहिला मोह होतो तो अंगठ्याने चिखल पुसण्याचा, आणि नेमका तोच टाळायचा असतो. मातीतले वाळूचे कण मऊ चांदीवर ओरखडे काढतात, आणि काशाच्या वस्तूवर शतकांच्या गंजाचा जो हिरवा थर असतो त्यातच मूळ नक्षी शिल्लक असते. तो खरवडला की नक्षीही गेली. वस्तू चिखलासकट छोट्या पिशवीत ठेवायची, पिशवीवर क्रमांक घालायचा, उपग्रहाधारित स्थाननिर्देशक यंत्रावरून जागेचे आकडे लिहायचे, आणि खड्डा बुजवून पुढे जायचे. हे वर्णन कंटाळवाणे वाटेल, पण टॉर्क्सीचा नकाशा अशाच कंटाळवाण्या कामातून निघाला.

कधी कधी मात्र फावडे थांबवणे हेच काम असते. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ एका शोधकाला शेतात विचित्र आवाज लागला. थोडे खणल्यावर काळे मडके आणि त्यात नाणी दिसली, तेव्हा त्याने खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना कळवले. त्यांनी तीन दिवस खपून मडक्यातली नाणी थराथराने, प्रत्येक थर वेगळ्या पिशवीत भरत काढली. ती ५२,५०३ रोमन नाणी होती, आणि त्यांचे वजन सुमारे १६० किलो. थर वेगळे ठेवल्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट कळली. कोणी वर्षानुवर्षे बचत करून मडके भरले असते तर सर्वांत नवी नाणी सर्वांत वर मिळायला हवी होती. येथे कारॉसियस या उशिराच्या सम्राटाची बहुतेक नाणी मडक्याच्या खालच्या भागात निघाली. म्हणजे सगळी रक्कम एकाच वेळी ओतलेली होती. इतके वजन भरलेले ते पातळ मडके उचलताच फुटले असते, म्हणजे आधी मडके पुरून मग त्यात नाणी टाकलेली होती. संकटकाळी लपवलेली आणि पुन्हा काढायची ठेव अशी पुरत नाहीत, म्हणून हे देवाला अर्पण केलेले दान असावे, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. त्या शोधकाने उत्साहाच्या भरात सगळी नाणी बादलीत उपसली असती, तरी नाण्यांची संख्या आणि किंमत तेवढीच राहिली असती. हा तर्क मात्र कोणालाही करता आला नसता.

या सगळ्यामागे इंग्लंड आणि वेल्सचा कायदा उभा आहे. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट सप्टेंबर १९९७ पासून लागू झाला. त्याआधीच्या प्रथेत सोन्याचांदीची वस्तू पुन्हा काढण्याच्या इराद्याने लपवलेली होती की नाही यावर सगळे ठरत असे, आणि हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा इरादा पंचांनी आज ठरवायचा, असा तो अजब प्रकार होता. नव्या कायद्याने ढोबळमानाने असे ठरवले की, ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, अथवा एकत्र मिळालेली अशी दोन किंवा अधिक नाणी, म्हणजे 'ट्रेझर'. हलक्या धातूची नाणी असतील तर किमान दहा हवीत. २००३ पासून प्रागैतिहासिक काळातल्या साध्या धातूच्या एकत्र मिळालेल्या वस्तूही त्यात आल्या. असे काही मिळाले तर १४ दिवसांच्या आत त्या भागातल्या कोरोनरला कळवावे लागते. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी मुंबईकरांना १९९९ पर्यंत परिचयाचा होता. तिकडे तो मृत्यूंबरोबरच जमिनीत सापडलेल्या धनाचीही चौकशी करतो. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञ समिती बाजारभावाने किंमत ठरवते आणि ती रक्कम सहसा शोधक व जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्याही शेतात यंत्र नेता येत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर सरकारी संमतीवाचून ते चालवणे हा गुन्हा आहे.

बहुसंख्य वस्तू 'ट्रेझर' नसतात, आणि त्यांची नोंद ऐच्छिक असते. त्यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही योजना १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००३ पर्यंत इंग्लंड-वेल्सभर पसरली. ठिकठिकाणी नेमलेले नोंदणी अधिकारी शोधकांच्या वस्तू पाहतात, मापे आणि छायाचित्रे घेतात, जागेसह नोंद करतात आणि वस्तू परत देतात. या नोंदींत आज १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत. कायद्यापेक्षा मला ही योजना अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिने माणसाकडून वस्तू न मागता माहिती मागितली, आणि वस्तू हिरावली जाण्याची भीती गेल्यावर माणसे माहिती द्यायला पुढे आली. स्कॉटलंडचा कायदा याहून कडक आहे. तेथे कोणत्याही धातूची जुनी वस्तू राजसत्तेची मानली जाते. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तर परवान्याशिवाय पुरावस्तूंसाठी असे यंत्र चालवायलाच बंदी आहे.

शिस्तीने चालवलेले यंत्र काय करू शकते याचे उत्तम उदाहरण बॉसवर्थचे. २२ ऑगस्ट १४८५ रोजी लेस्टरशरमध्ये झालेल्या या लढाईत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड मारला गेला आणि ट्यूडर घराण्याचे राज्य आले. लढाईची जागा म्हणून ॲम्बियन टेकडी दाखवली जात असे, आणि पर्यटकांसाठीचे केंद्रही तेथेच उभारलेले होते. २००५ ते २०१० या काळात पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने आसपासच्या शेतांची समांतर पट्ट्यांत पायी चालून, यंत्राने इंच इंच तपासणी केली. तोफांच्या आणि हातबंदुकींच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या त्या टेकडीवर नव्हे, तर तेथून सुमारे तीन किलोमीटर नैर्ऋत्येला. तेथेच, एका जुन्या दलदलीच्या कडेला, सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे रानडुकराचे चिन्ह सापडले. रानडुक्कर हे रिचर्डचे राजचिन्ह होते आणि त्याच्या निकटच्या लढवय्यांच्या अंगावर ते असे. दलदल कधीच आटून शेत झाले होते, पण बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या बिल्ल्याने आणि शिशाच्या गोळ्यांनी मिळून एक राजा कोठे पडला असावा ते दाखवले.

सफकमधल्या रेंडल्शमची कथा थोडी गमतीची आहे. तेथे रात्री चोरून यंत्रे घेऊन येणारे लोक शेताची नासधूस करत होते. इंग्रजीत अशांना 'नाइटहॉक' म्हणतात. वैतागलेल्या जमीनमालकाने कौंटीच्या पुरातत्त्व विभागाकडे तक्रार केली. चोर एवढे कशासाठी येतात, हे पाहायला २००८ पासून चार भरवशाच्या शोधकांसह पाहणी सुरू झाली. निघाले ते सुमारे ५० हेक्टर पसरलेले अँग्लो-सॅक्सन राजांचे ठाणे. बीड या आठव्या शतकातल्या धर्मगुरू इतिहासकाराने ज्या राजवस्तीचा उल्लेख केला आहे तीच ही, असे आता मानले जाते, आणि सटन हू येथली प्रसिद्ध जहाज-समाधी तेथून केवळ सहा-सात किलोमीटरवर आहे. २०२२ मध्ये तेथे २३ मीटर लांबीच्या राजदालनाच्या खुणा खणून काढण्यात आल्या.

या छंदावर टीका करणारे पुरातत्त्वज्ञही आहेत आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. नोंद ऐच्छिक असल्याने किती वस्तू नोंदीविना कपाटात किंवा बाजारात जातात हे मोजता येत नाही. शेकडो माणसे एका दिवशी एका शेतात उतरतात अशा मेळाव्यांत अचूक जागा टिपणे दुरापास्त होते. शोधकांचे उत्तर असे की, रासायनिक खते आणि अवजड ट्रॅक्टर यांमुळे नांगरटीतल्या वस्तू नाहीतरी दरवर्षी झिजत आणि गंजत आहेत, मग त्या वाचवलेल्या बऱ्या. माझ्या मते हे उत्तर नांगराच्या पट्ट्यापुरते खरे आहे, आणि फाळाच्या खाली एक वीतही गेले की ते लागू पडत नाही.

कायद्यालाही भोके होती. मे २०१० मध्ये कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेट येथे रोमन घोडदळाच्या कवायतीतले, माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा असलेले अप्रतिम शिरस्त्राण तुकड्यांच्या रूपात मिळाले. ते काशाचे आणि एकटेच होते, म्हणून 'ट्रेझर'च्या व्याख्येत बसले नाही. पुरेसा शास्त्रीय अभ्यास होण्यापूर्वीच तुकडे जोडण्यात आले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये लिलावात ते सुमारे २३ लाख पौंडांना खासगी संग्राहकाकडे गेले. कार्लाइलच्या संग्रहालयाने देणग्या गोळा करूनही त्याला ते घेता आले नाही. अखेर २०२३ मध्ये व्याख्या बदलली, आणि २०० वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची धातूची वस्तू आता कोणत्याही धातूची असली तरी 'ट्रेझर' ठरू शकते.

आपल्याकडे असा छंद रुजलेला नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम मात्र आहे, आणि त्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही चीजवस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण जागेचे मोल किती असते याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घेतला आहे. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबाद येथे झाडाची मुळे खणताना एका स्थानिक माणसाला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार काशाची शिल्पे मिळाली. चारांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. ती पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात, निश्चित थरात मिळालेली नव्हती. पुढे तेथे रीतसर उत्खनन झाले, ज्येष्ठ अभ्यासकांनी त्यांना उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातली, मानले, तर धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अगरवाल यांनी त्या काळाबद्दल शंका घेतली. शिल्पे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, वाद आहे तो त्यांच्याभोवतीच्या मातीचा, जी परत मिळणार नाही.

टॉर्क्सीचा तळ हलवून ती व्हायकिंग फौज पुढच्या वर्षी रेप्टनला गेली, मर्सिया नावाच्या राज्याच्या राजाला तिने पळवून लावले आणि दुसऱ्या केओलवुल्फला गादीवर बसवले. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलने त्याची 'राजाचा एक मूर्ख सरदार' अशी संभावना केली आहे. हे इतिवृत्त वेसेक्स या शेजारच्या राज्याच्या राजा आल्फ्रेडच्या गोटात लिहिले गेले, म्हणून ते किती खरे मानायचे हा जुना प्रश्न होता. जून २०१५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेमिन्स्टरजवळ दोघा शोधकांना सोन्याचे दागिने, चांदीची एक कांब आणि त्याच काळातली नाणी असलेली ठेव सापडली. त्यांनी ती रीतसर न कळवता विकायला काढली. २०१९ मध्ये दोघांना कारावास झाला. हाती आलेल्या नाण्यांत आल्फ्रेड आणि केओलवुल्फ या दोघांच्या नावांची, शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट दाखवणारी एकाच नमुन्याची नाणी आहेत, म्हणजे ज्याला मूर्ख म्हटले त्याच्याशी आल्फ्रेडचे बरोबरीचे सख्य होते. ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टन येथे त्याच वर्षी मिळालेल्या आणि रीतसर नोंदवलेल्या सुमारे २०० नाण्यांच्या ठेवीनेही हीच साक्ष दिली, आणि ती ठेव आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. लेमिन्स्टरच्या ठेवीतली नाणी सुमारे ३०० असावीत, असा अंदाज आरोपीच्या फोनमधून पुसून टाकलेली आणि पोलिसांनी पुन्हा मिळवलेली छायाचित्रे पाहून बांधण्यात आला. त्यांतली ३० च्या आसपासच हाती लागली आहेत.